चापावरचं बोट : घरात परवान्याचं शस्त्र असलेल्यांसाठी

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याच वर्षी लोणीकंद पोलीस ठाणं ग्रामीण पोलिसांकडून शहर आयुक्तालयाकडे गेलं आणि आता गावाला वाघोली पोलीस ठाणंही मिळालं आहे. या बदलात रस्ते, पाणी आणि मिळकतकर यांवर भरपूर बोललं गेलं. घरातल्या परवान्याच्या शस्त्राबद्दल मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. नगर रस्त्याच्या या पट्ट्यात खाणमालक आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत, पंपचालक, सराफ आणि निवृत्त जवान आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या कपाटात रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असतं. पूर्वी हे कपाट मळ्यातल्या घरात होतं, चारी बाजूंनी मोकळी जमीन होती. आज ते सोसायटीच्या सातव्या-आठव्या मजल्यावर आहे आणि पाच-सहा इंची भिंतीपलीकडे दुसऱ्याचं मूल झोपलेलं आहे.

वाचकांकडून येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं ना? सेफ्टी लावलेली असताना बोट चापावर राहिलं तर काय बिघडतं? वडील गेले, त्यांची रिव्हॉल्व्हर तशीच आहे, आता काय करायचं? लग्नात हवेत एखादा बार काढला तर खरंच गुन्हा होतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली तर माणूस जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जुहूची घटना

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. रिव्हॉल्व्हर परवान्याची होती. ती ठेवताना हातातून निसटली, गोळी सुटली आणि डाव्या गुडघ्याखाली लागली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. ते बचावले.

या घटनेतली परिस्थिती नीट पाहा. भांडण नव्हतं, चोर नव्हता, कुणावर नेम धरलेला नव्हता. पहाटेची वेळ, प्रवासाची घाई, आणि भरलेलं शस्त्र एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवण्याचं साधं काम. घरगुती अपघात बहुधा अशाच वेळी होतात: शस्त्र ठेवताना, काढताना, पुसताना, कुणाला दाखवताना. म्हणून पहिला सल्ला असा की शस्त्राला हात लावण्याचे प्रसंगच कमी करा. रोज उशाखाली ठेवायचं आणि सकाळी पुन्हा कपाटात, असा क्रम असेल तर वर्षाला सातशेहून अधिक वेळा तुम्ही भरलेलं शस्त्र हाताळता. त्यातली एक वेळ घाईची असणारच.

गोळी आपोआप सुटत नाही

‘साफ करताना गोळी सुटली’ असं पोलिसांना सांगितलं जातं आणि बातमीतही तसंच छापून येतं. प्रत्यक्षात गोळी सुटायची तर काडतुसाच्या बुडावर आघात व्हावा लागतो. तो होण्याच्या वाटा मोजक्या आहेत.

- बोट चापावर होतं आणि ते दाबलं गेलं. सर्वाधिक घटना याच प्रकारच्या.
- चापाला दुसरं काही अडकलं: सदऱ्याचं टोक, जॅकेटची दोरी, पिशवीतली किल्ली, पँटचा काठ.
- शस्त्र पडलं आणि घोड्यावर आपटलं. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये कोणताही अडसर नसतो. घोड्याला दणका बसला की काडतूस पेटतं. नव्या बनावटींत यासाठी आतून अडथळा दिलेला असतो, पण तुमच्याकडची रिव्हॉल्व्हर आजोबांच्या काळातली असेल तर तो आहे असं गृहीत धरू नका.
- चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली आणताना अंगठा निसटला.

शस्त्र हातातून निसटलं तर ते झेलायला जाऊ नका. हा सल्ला मनाला पटत नाही, कारण पडती वस्तू पकडणं हा हाताचा धर्मच आहे. पण हवेत पकडताना बोटं नेमकी चापाच्या कड्यात शिरतात. पडू द्या, फरशी फुटली तर फुटू द्या.

बोट कुठे असावं

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या रेंजवर एकदा जाऊन नेमबाजांचे हात पाहा. नेम घेईपर्यंत तर्जनी चापाच्या कड्याबाहेर असते, शस्त्राच्या अंगाला सरळ टेकलेली. कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्या प्रकारात चापाचा किमान दाब एक किलोग्रॅम असतो. दहा मीटर एअर पिस्तुलात तो अर्धा किलो. इतक्या हलक्या चापाशी वर्षानुवर्षं राहूनही हे खेळाडू सुरक्षित राहतात ते बोटाच्या शिस्तीमुळे.

आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायचा तर चांगलाच जड लागतो, साधारण चार-पाच किलोंच्या आसपास. त्यामुळे ‘इतका जड चाप चुकून कसा दाबला जाईल’ असा समज होतो. घोडा चढवला की हाच चाप निम्म्याहून हलका होतो. आणि चूक बहुतेक वेळा मुद्दाम केलेल्या दाबाने होतच नाही. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी २००३ मध्ये पोलिसांच्या हातून नकळत सुटणाऱ्या गोळ्यांची कारणं मांडली होती. एका हाताने काहीतरी घट्ट धरलं की दुसऱ्या हाताची बोटंही आवळतात. तोल गेला की मूठ आवळते. दचकलो की मूठ आवळते. या तिन्ही वेळी मेंदूने गोळी झाडायचं ठरवलेलं नसतं, बोट मात्र चापावर असेल तर ते मुठीबरोबर आवळलं जातं.

आता हे तुमच्या घरात बसवून पाहा. रात्री दोनला दार वाजलं. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हाताने तुम्ही कडी ओढता. किंवा अंधारात मुलाच्या खेळण्यावर पाय पडतो. किंवा मागून बायको हाक मारते. तिन्ही कारणं एका मिनिटात समोर आली.

म्हणून नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही:

- समोर काय आहे ते दिसलं, ओळखलं आणि गोळी झाडायचीच असं ठरलं, त्यानंतरच बोट कड्याच्या आत जाईल.
- तोवर तर्जनी चापाच्या वर, शस्त्राच्या अंगाला सरळ. कड्याच्या बाहेरच्या कडेवर टेकवू नका, तिथून ती आत घसरते.
- शस्त्र उचलताना, खोळीत घालताना, दुसऱ्याला देताना, फोटो काढताना, रिकामं असल्याची खात्री झाल्यावरसुद्धा हाच नियम.

‘सेफ्टी आहे की’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. पुष्कळ रिव्हॉल्व्हरना हाताने लावायची सेफ्टी नसतेच. पिस्तुलाला असते, पण ती झिजते, अर्धवट लागते, खिशात घासून सरकते. सेफ्टी लावा, जरूर लावा, पण ती बोटाच्या जागी नाही, बोटाच्या जोडीला आहे.

बोटाच्या जोडीनेच नळीची दिशा येते. शस्त्र रिकामं असो वा भरलेलं, नळी कधीही माणसाकडे वळता कामा नये. त्यात तुमचा स्वतःचा पाय, मांडी आणि डावा तळहात आला. फ्लॅटमध्ये सुरक्षित दिशा शोधणं मळ्यापेक्षा फार अवघड आहे. वर छतापलीकडे कुटुंब, खाली तसंच, मधल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या, आणि काँक्रीटवरून गोळी उलटून येऊ शकते. यावर घरगुती उपाय आहे: कोरड्या वाळूने काठोकाठ भरलेली मोठी, खोल बादली, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलेली. शस्त्र भरताना-रिकामं करताना नळी त्या वाळूकडे. सैन्याच्या छावणीत शस्त्र रिकामं करण्यासाठी ठरावीक जागा असते, त्यामागे हाच विचार आहे.

रिकामं आहे हे कसं पाहायचं

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर अभिनेता अॅलेक बाल्डविनच्या हाती रिव्हॉल्व्हर देताना ती धोक्याची नसल्याचं सांगण्यात आलं होतं. तिच्यात खरी गोळी निघाली आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं. दुसऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी ऐकायचं आणि मग स्वतः उघडून पाहायचं. देणाऱ्याला त्यात अपमान वाटू नये. घरात निवृत्त जवान असतील तर त्यांचा हात पाहा, शस्त्र हाती येताच ते आधी उघडतात.

रिव्हॉल्व्हर असेल तर:

१. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर.
२. उघडा. कानपूरच्या कारखान्याची जुनी .३२ आणि ‘निर्भीक’ या मधून मोडून उघडतात, २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला येतं. तुमची कशी उघडते ते विक्रेत्याकडून समोर बसून शिकून घ्या.
३. काडतुसं बाहेर काढा आणि मोजा. भरली होती तितकीच निघाली पाहिजेत.
४. प्रत्येक खण उजेडात डोळ्यांनी पाहा. अंधारात बोटाने चाचपून पाहा.

पिस्तूल असेल तर क्रम जिवावरचा आहे:

१. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर.
२. आधी मॅगझिन काढा आणि दूर ठेवा.
३. मग वरचा सरकता भाग पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते बाहेर पडेल. दोन-तीनदा ओढा.
४. तो मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये पाहा आणि करंगळीने चाचपा.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सरकता भाग ओढला आणि मग मॅगझिन काढलं, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसतं. तुम्ही एक गोळी जमिनीवर पडलेली पाहता, मॅगझिन हातात असतं, मनाला पूर्ण खात्री पटते की पिस्तूल रिकामं आहे. ते भरलेलं असतं. सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच: मॅगझिन काढल्याने पिस्तूल रिकामं होत नाही.

घोडा घरात चढवूच नका. चढलाच तर तो उतरवण्याचा प्रयोग स्वतः शिकू नका, प्रशिक्षकाकडून खोट्या काडतुसांवर शिका. चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर नळी त्याच दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, काही वेळा काडतूस उशिरा पेटतं. आणि एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या: .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं असतं. आकडा सारखा म्हणून एकाचं दुसऱ्यात घालू नका.

घरात कुठे ठेवायचं

परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र तुम्ही दिलेलं असतं. बहुतेकांनी ते न वाचता सही केलेली असते. आज काढून वाचा.

- शस्त्र रिकामं करून, भिंतीत किंवा जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत. साड्यांच्या घडीत, गादीखाली, देवघरामागे नको. मुलांना या सगळ्या जागा माहीत असतात.
- काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळी किल्ली.
- किल्ली किंवा अंक फक्त परवानाधारकाकडे. परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, कुटुंबाच्या नावावर नाही. पत्नीला किंवा मुलाला ‘सोबत असू दे’ म्हणून देणं कायद्याला धरून नाही.
- चामड्याच्या खोळीत महिनोन्महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो.
- साफ करायला बसताना काडतुसं त्या खोलीतही नकोत. टीव्ही बंद, मुलं बाहेर.

लहान मुलाच्या बोटात जोर नसतो हा भ्रम आहे. मूल शस्त्र उलटं धरतं, नळी स्वतःकडे करतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. त्याला तेवढं बळ असतं. मुलांना शस्त्र घरात आहे हे कळलं असेल तर लपवाछपवी करण्यापेक्षा एकच वाक्य शिकवा: दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. हे वाक्य शिकवूनसुद्धा भरवसा कुलपावरच ठेवा.

दुसरी वेळ याहून नाजूक. घरात कुणी खोल निराशेत असेल, दारूचं व्यसन असेल, कर्जाचा किंवा घटस्फोटाचा ताण असेल, तर शस्त्र त्या काळात घरात ठेवू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन जमा करा. तसं केल्याने परवाना जात नाही. मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाहेर नेताना

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र हे त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या खोळीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. पँटमध्ये खोचलेलं पिस्तूल या नियमात बसत नाही, आणि गाडीत बसता-उठताना त्याची नळी नेमकी कुठे रोखलेली असते याचा विचार करा. खोळ चाप पूर्ण झाकणारी, कडक आणि त्याच शस्त्राच्या मापाची घ्या. शस्त्र खोळीत घालताना आधी डोळ्यांनी पाहा, सदरा बाजूला घ्या आणि हळू घाला. बाहेर काढण्यापेक्षा परत घालताना जास्त अपघात होतात, कारण तेव्हा माणूस सैलावलेला असतो.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचं आवार इथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, ही परवान्याचीच अट असते. वाघोलीच्या वाघेश्वराच्या यात्रेत कमरेला पिस्तूल लावून फिरणं यात आलं. मुलाला शाळेत सोडायला जातानाही ते घरी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात शस्त्र सोडून जाऊ नका.

लोहगाव विमानतळ जवळ असल्याने आणखी एक सूचना. काडतुसं ज्या बॅगेत कधी ठेवली असतील ती बॅग प्रवासाला घेऊ नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूस तपासणीत सापडलं तरी पोलीस ठाणं गाठावं लागतं.

हवेतला बार

नगर रस्त्यावर लॉन्स आणि मंगल कार्यालयांची रांग आहे आणि वरातीत शस्त्र मिरवण्याची हौस अजून गेलेली नाही. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कलम २५(९) आलं. लग्न, सभा, धार्मिक स्थळ किंवा कोणत्याही समारंभात आनंदासाठी गोळीबार करून किंवा बेदरकारपणे शस्त्र वापरून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी जखमी व्हावं लागत नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि वाघोलीत ‘कुठेतरी’ म्हणजे कुणाची तरी गच्ची.

यजमान असाल तर निमंत्रितांना शस्त्र आणू नका असं स्पष्ट सांगा. मंगल कार्यालय चालवत असाल तर ही अट करारात छापा. मला ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते.

गोळी सुटलीच तर

- बोट बाहेर घ्या, नळी सुरक्षित दिशेला वळवा, शस्त्र खाली ठेवा. दुसरी गोळी टाळणं पहिलं.
- कुणाला लागलं आहे का पाहा. शेजारी, वरच्या-खालच्या मजल्यावर विचारा.
- रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि घट्ट दाब द्या, सोडून सोडून पाहू नका. हातापायातून येणारं रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. गोळी काढायचा प्रयत्न करू नका. पाणी, चहा देऊ नका.
- १०८ ला रुग्णवाहिकेसाठी, ११२ ला पोलिसांसाठी फोन करा.
- शस्त्र आणि रिकामं काडतूस जागेवरून हलवू नका, धोका असेल तेवढंच बाजूला करा. डाग पुसू नका.

पोलिसांचे कागद होईपर्यंत रुग्णाला हात लावणार नाही असं कोणतंही रुग्णालय म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणारे उपचार आधी, कायद्याच्या औपचारिकता नंतर. खासगी रुग्णालयालाही हे लागू आहे. वैद्यकीय-कायदेशीर नोंद ते करतील, ती करूही द्या.

पोलिसांना खरं सांगा. ‘साफ करताना सुटली’ ही कथा रचली आणि नंतर खोटी ठरली तर निष्काळजीपणाच्या जागी संशय येतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गंभीर दुखापतीला कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत. वकिलाचा सल्ला घेणं हा तुमचा हक्क आहे, तो जरूर घ्या. गोळी फक्त भिंतीत गेली तरी कळवा. भोक लांबीने बुजवलं तरी काडतुसांच्या हिशेबात एक कमी पडणारच आहे.

वडिलांची रिव्हॉल्व्हर आणि बाकी कागद

परवानाधारक गेला की त्याचा परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. त्याच क्षणापासून घरातलं शस्त्र विनापरवाना आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि मग शांतपणे ठरवा: स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा, परवाना असलेल्याला विकायचं, की सोडून द्यायचं. शस्त्र जमा करायला नेतानाही ते भरलेलं असू शकतं हे विसरू नका. हाताळायची सवय नसेल तर हातही लावू नका, पोलिसांना घरी बोलवा. वडील हयात असतील आणि त्यांचं वय सत्तर झालं असेल, किंवा शस्त्र त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर २०१६ च्या नियमांत त्यांना वारसाचं नाव सुचवता येतं. तेव्हाही वारसाला रीतसर परवाना लागतोच. त्याचं वय २१ पूर्ण हवं आणि सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. हे प्रशिक्षण केवळ कागदापुरतं उरकू नका. या लेखातलं निम्मं तिथे हातात धरून शिकवलं जातं.

वाघोलीकरांनी आणखी एक पाहावं. ग्रामीण हद्दीत असताना परवाना जिल्हाधिकारी देत, आयुक्तालयाच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. तुमच्या परवान्यावर जुना पत्ता किंवा जुनं पोलीस ठाणं असेल तर आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन नोंद दुरुस्त करून घ्या. नव्या घरी राहायला गेलात तर तीस दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं आहे. मुदत संपण्याची तारीख आजच पाहून ठेवा.

परवाना नाकारला, निलंबित किंवा रद्द केला तर कारणं लेखी नोंदवणं प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती मागा, आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ नुसार मुदत उलटण्याआधी अपील करा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर ते रिकामं करून द्या, पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या तपासून घ्या. सरसकट सगळ्यांकडून शस्त्रं घेण्याऐवजी छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवावं अशी पद्धत आहे, त्यामुळे बँकेचे रक्षक किंवा खरा धोका असलेले लोक लेखी विनंती करू शकतात.

गावठी कट्ट्याबद्दल एवढंच. विनापरवाना बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, आणि त्याला ना सेफ्टीचा भरवसा ना नळीचा. तो हातातच फुटतो. कुणी ‘ठेव थोडे दिवस’ म्हणालं तर नकार द्या.

ठेवायचं की नाही

बऱ्याच वाचकांना हे ऐकायला आवडणार नाही, पण लिहिणं भाग आहे. धमकी आली म्हणून दहा वर्षांपूर्वी परवाना घेतला, धमकी देणारा केव्हाच संपला, शस्त्र मात्र अजून घरात आहे, अशी कितीतरी घरं आहेत. वर्षभरात एकदाही रेंजवर सराव केला नसेल, काडतुसं किती आहेत हे न पाहता सांगता येत नसेल, तिजोरी घ्यायची राहूनच गेली असेल, तर ते शस्त्र तुमचं रक्षण करण्यापेक्षा घरच्यांना धोका अधिक देतं आहे. विकून टाका किंवा जमा करा. त्यात कमीपणा काही नाही.

ठेवायचंच असेल तर या रविवारी घरातली मुलं बाहेर असताना तास काढा. नळी वाळूकडे, बोट बाहेर, शस्त्र उघडा, काडतुसं मोजा, परवान्याची तारीख वाचा, तिजोरी नसेल तर मागवा. आणि तिजोरी येईपर्यंत शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा ठेवा.